गिऱ्हाईक आलं की वाहणारा नळ

मी एक जुना पितळी नळ आहे. त्या रविवारी सकाळी माझ्या तोंडातून पाणी पडण्यात तात्यांचा काय फायदा होता, ते आधी सांगतो. त्यांचं घर विकलं जाणार होतं. या वयात टेकडी चढायचं सुटणार होतं. मुलाकडे जाऊन राहायला मिळणार होतं आणि कुरकूर ऐकवायला नवी माणसं मिळणार होती, कारण गल्लीतली सगळी वापरून झाली होती. पाणी पडलं नाही, तर यातलं काहीच होणार नव्हतं.

मित्रांनो, मी भट्टीत ओतला गेलो, कानशीने घासला गेलो आणि बरेच दिवस एका दुकानात खिळ्याला उलटा टांगून होतो. तात्यांनी घर बांधलं तेव्हा मला विकत घेतलं. दुकानदाराशी इतकी घासाघीस केली, की त्याने शेवटी एक वायसर फुकट देऊन त्यांना वाटेला लावलं. तेव्हा पाणी रोज यायचं. तात्यांची बायको मला राखेने घासायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायची, "आमच्या नळाला एवढी धार आहे, की भांडं हातातून निसटतं." माझं कौतुक झालं ते तेवढंच. ती गेली, आणि मागोमाग गाव सुंदर झालं.

झालं असं, की कुठल्याशा वर्तमानपत्राने निवृत्तीनंतर राहायला चांगली गावं कोणती ते छापलं, आणि त्यात आमचं नाव आलं. गार वारा, झाडी, रुंद रस्ते, खिडकीतून दिसणारी दरी. टेकडीवर घरावर घर चढत गेलं. पाण्याला मात्र वर्तमानपत्र वाचता येत नाही, ते खालीच राहिलं. आता ते मंगळवारी तासभर खोकत खोकत वर येतं. बाकीचे दिवस मी हवा फुंकतो.

हे बाहेरच्या माणसाला कोणी सांगत नाही. गल्लीतल्या प्रत्येकाला कधी ना कधी घर विकून खाली उतरायचं आहे. म्हणून आमच्या गल्लीत एक रीत पडली. कोणाकडे गिऱ्हाईक येणार असेल, तर सगळ्यांनी आपापल्या पिंपातलं पाणी पाइप जोडून त्याच्या टाकीत सोडायचं. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं त्या दिवशी एकमेकांच्या गच्चीवर चढतात. शेजारच्या काकू आणि तात्या एका भिंतीवरून कित्येक वर्षं बोलत नव्हते. पण त्या रविवारी काकूंनी पिंप उपसून दिलं, आणि प्रत्येक बादलीला एक शिवी दिली. तात्यांनी दोन्ही घेतल्या.

गिऱ्हाईक म्हणजे एक निवृत्त नर्स. सगळा जन्म दवाखान्याच्या क्वार्टरमध्ये आणि भाड्याच्या खोल्यांत काढलेली. हातात आयुष्यभराची बचत होती आणि स्वतःचं एक स्वयंपाकघर हवं होतं. एकदाच घेता येईल असं घर. सोबत तिचा मोठा भाऊ होता. तिने आपल्या गावात, आपल्या समोरच्या घरात राहावं असा त्याचा हट्ट. ते गाव सपाट, धुळीचं, रेल्वेच्या रुळांना लागून.

"इथं काय खायचं, दरी?" भाऊ भिंतीवर टकटक करत म्हणाला.

"तुझ्या गावात काय आहे रे दादा?"

"माणसं आहेत. मी आहे. वहिनी आहे."

"आणि अंथरुणाला खिळलेली वहिनीची आई आहे. सरळ सांग ना, फुकटची नर्स हवी म्हणून."

भाऊ रागाने गच्चीचा दरवाजा तपासायला गेला. त्याने दरवाजे वाजवले, फरश्या वाजवल्या, घर दाखवणाऱ्या दलालालाही वाजवलं असतं. टाकीत वाकून मात्र बघितलं नाही.

घर बघायला येणारं प्रत्येक माणूस मला एकदा सोडून बघतं. धार बघतं, "पाणी आहे हं" म्हणतं आणि बंद करतं. पण ही नर्स होती. तिने दाराच्या कड्या, खिडक्यांचे गज, सगळ्याला हात लावला होता. ती माझ्यापाशी आली, बाह्या वर सारल्या आणि कोपरापर्यंत हात धुवायला लागली. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं. मग पुन्हा पहिल्यापासून. मोरी गडगडा वाजत होती. बाहेर गल्लीचं आठवडाभराचं पाणी गटारात चाललेलं काकूंना ऐकू येत होतं.

"अहो, बास म्हणा की तिला," काकू खिडकीखालून कुजबुजल्या.

तात्या काय बास म्हणणार? ते हसले. इतक्या कष्टाने हसलेला माणूस मी दुसरा बघितला नाही.

"धार छान आहे," नर्स हात झटकत म्हणाली. "दादा, मी हे घेतेय."

तात्या मुलाकडे गेले. दलाल दोन्हीकडून दलाली घेऊन गेला. ती राहायला आली, त्या सोमवारी तिने मला सोडलं आणि मी तिच्या तोंडावर हवा फुंकली. ती काकूंकडे गेली.

"पाणी कधी येतं हो?"

"मंगळवारी."

"आणि एरवी?"

"एरवी मंगळवारची वाट बघायची."

"त्या दिवशी तर धो धो होतं."

"ते आमचं होतं," काकू म्हणाल्या. "कोपरापर्यंत धुतलंत ना? माझं पिंप तुमच्या हातांना लागलंय. आता ऐका, सिस्टर. माझं घर निघेल तेव्हा तुम्ही द्यायचं. मग तुमचं निघेल तेव्हा गल्ली देईल. इथून बाहेर पडायचा दुसरा रस्ता नाही."

नर्सने भावाला काही कळवलं नाही. सांगितलं असतं, तर पुढची सगळी वर्षं वहिनीच्या आईच्या उशाशी गेली असती. तिने तीन पिंपं आणली आणि काकूंशी बोलणं टाकलं. काकूंनी ते आनंदाने मान्य केलं. दोघी आपापल्या ओट्यापाशी उभं राहून एकमेकींना ऐकू जाईल असं भांडी आपटायच्या.

काकूंना घर विकून लेकीकडे राहायला जायचं होतं, आणि मग त्यांच्याकडे गिऱ्हाईक येणार असं ठरलं. काकूंनी माझ्या खिडकीतून पाइपचं टोक आत टाकलं. "लावा," एवढंच म्हणाल्या. नर्सने पाइप माझ्या तोंडाला तारेने आवळला. तिने पिंपांतून आपल्या टाकीत चढवलेलं पाणी माझ्यातून उताराला असलेल्या काकूंच्या टाकीत जायला लागलं. तिलाही बाहेर पडायचं होतं ना. गल्ली आपली पाळी यायची वाट बघत गच्च्यांवर उभी होती.

गिऱ्हाईक म्हणजे एक तरुण जोडपं, कडेवर बाळ. दरी बघून नवरा खिडकीतून हलेना. बायकोने काकूंचा नळ सोडला, "पाणी छान आहे," म्हणाली आणि बाळाची दुधाची बाटली विसळायला घेतली.

मित्रांनो, इथे नर्सला त्यांची दया आली असं समजू नका. गल्लीच्या खोटेपणाची चीडही नव्हती, ती केव्हाच जिरली होती. तिला फक्त बाटली दिसली.

"अहो, त्या पाण्याने विसळू नका," ती खिडकीतून म्हणाली. "आठवडाभर पिंपात साठलेलं आहे ते. बाळ जुलाबाने आडवं होईल."

काकू घाईने पुढे आल्या.

"आठवडाभर म्हणजे?" नवऱ्याने विचारलं.

"त्यांच्याकडे लक्ष देऊ नका," काकू म्हणाल्या. "एकट्या असतात. डोक्यावर जरा परिणाम झालाय."

आता मात्र नर्सला चीड आली. तिने मला करकचून बंद केलं. पाइप आक्रसला. टाकीत उतरलं होतं ते आधीच घर दाखवण्यात संपत आलं होतं, काकूंचा नळ दोनदा खोकला आणि थांबला.

"बाटली इकडे द्या," नर्सने हात पुढे केला. "माझ्याकडे उकळलेलं आहे."

बाटली खिडकीतून आली आणि खिडकीतून परत गेली. जोडपंही गेलं.

"झालं समाधान?" काकू म्हणाल्या. "आता तुझ्या घराला कोण गिऱ्हाईक येतंय ते मी बघतेच."

"बघा की. तुम्ही तरी आता कुठं जाणार?"

तेव्हापासून गल्लीचा पाइप आमची गच्ची टाळून जातो. माझं वायसर फाटलंय, अंगावर हिरवा गंज चढलाय. मंगळवारी जे येतं त्यातलं थोडं मी ठिबकून घालवतो. मित्रांनो, घरात माझ्यासारखा कोणी ठिबकत असेल, तर वायसर बदला. क्षुल्लक वस्तू आहे, दुकानदार वैतागला तर फुकटही देतो. आणि मोठे झाल्यावर घर घ्यायला निघालात, तर गाव बघून भुलू नका. कोणाला न सांगता, कामाच्या दिवशी जा आणि परसात पिंपं किती आहेत ते मोजा.

आता कोणी काय भरलं ते सांगतो. तात्यांनी काही नाही, दलालाने काही नाही. भावाच्या घरी पगारी नर्स आली, तो पगार भाऊ भरतो. जोडप्याने येण्याजाण्याचं भाडं भरलं. सिस्टरच्या खिडकीपायी काकूंनी लेकीकडचं म्हातारपण घालवलं. सिस्टरने सगळी बचत घालून घर घेतलं, आणि ते आता कोणालाच विकता येत नाही. बाळाने काही भरलं नाही. ते उकळलेलं पाणी पिऊन झोपलं.