पहिलं ‘नको’

ओळीत लावलेली पुस्तकं तिनं ढकलगाडीवरून पुन्हा खाली काढली आणि पुन्हा लावायला घेतली. काउंटरवर ग्रंथपाल बाई एकट्याच होत्या. त्यांच्याशी बोलायचं होतं, पण सकाळपासून तोंड उघडत नव्हतं.

वसतिगृह उद्या दुपारी दोन आठवड्यांच्या सुट्टीसाठी बंद होणार होतं. बाकीच्या मुली आपापल्या घरी निघाल्या होत्या. तिचं घर होतं सातासमुद्रापार. सोमवारी बाईंनी आपणहून विचारलं होतं, “माझी वरची खोली रिकामीच असते. येतेस राहायला?”

आणि ही शहाणी म्हणाली होती, “नको नको, तुम्हाला उगाच त्रास!”

खरं तर तिला उडीच मारावीशी वाटली होती. पण पहिल्याच फटक्यात हो म्हणणं म्हणजे हावरटपणा, हे हाडीमाशी खिळलेलं. बाई आग्रह करतील, मग आढेवेढे घेत हो म्हणू, असं ती धरून चालली होती. बाई “बरं” म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

आईनं फोनवर चांगलंच झापलं.

“आग्रह करायला ती काय तुझी मावशी आहे? रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही!”

“नको म्हणायला तूच शिकवलंस ना?”

“ते इथल्यासाठी शिकवलं होतं!”

शेवटी ती काउंटरपाशी गेली.

“बाई, सोमवारी मी नको म्हणाले ना, ते खरं नको नव्हतं. आमच्याकडे पहिल्यांदा नकोच म्हणतात.”

बाईंनी चष्मा काढला.

“आणि दुसऱ्यांदा?”

“दुसऱ्यांदाही. पण जरा हळू.”

बाई इतक्या मोठ्यानं हसल्या की वाचत बसलेल्यांनी माना वर केल्या.

“मीही इथं परदेशातूनच शिकायला आले होते. आमच्याकडे तीनदा नको म्हणायची रीत. पहिलं वर्ष अर्धपोटी काढलं मी! तरी तुला पुन्हा विचारायला कचरले. इथं दोनदा विचारलं की लोक वैतागतात.”

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“तर आता दुसऱ्यांदा विचारते. माझी वरची—”

“हो!”

“अगं, वाक्य तरी पुरं करू दे!”

बाईंनी ड्रॉवर उघडून एक किल्ली तिच्यापुढे ठेवली. किल्लीला चिठ्ठी बांधलेली होती. चिठ्ठीवर तिचं नाव होतं, स्पेलिंग चुकलेलं, आणि तारीख सोमवारची.