दोन सीटांची गाडी

योगेंद्रनं ‘वहिनी’ म्हणणं कधी सोडलं, ते अनसूयाबाईंना नेमकं सांगता आलं नसतं. पण सोडलं होतं, एवढं खरं. आधी पडवीत पाय ठेवतानाच तो विचारायचा, “वहिनी, दहाचा पाना कुठाय?” मग नुसतंच “पाना कुठाय?” आणि या रविवारी तर, “सुरुची, जरा टॉर्च धर.”

अनसूयाबाई दारातल्या खुर्चीत वालाच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही. हात मात्र थांबले.

पडवीतली गाडी त्यांच्या मुलाची, परागची. एम. जी. मिजेट. इंग्लंडात बनलेली, उघड्या टपाची, दोन सीटांची. कुठल्याशा बंद कारखान्याच्या आवारात सडत पडलेली ती गाडी त्यानं टेम्पोत घालून आणली, तेव्हा तिच्या तळाला हात आरपार जाईल एवढी भोकं होती. भाईंदर पूर्वेला त्यांच्या बिल्डिंगमध्ये स्कूटर लावण्यावरूनही भांडणं व्हायची, म्हणून पश्चिमेला खाडीकडच्या मुर्धा गावात हे बैठं घर घेतलं, पत्र्याच्या पडवीसकट. आणि वर्ष सरायच्या आत पराग गेला. ऑफिसातच छातीत कळ आली. गाडी ताडपत्रीखाली राहिली आणि घरात राहिल्या सासू-सून.

ताडपत्री सुरुचीनंच काढली. “खाडीची हवा आहे आई, पत्रा खाऊन टाकेल,” म्हणाली. योगेंद्र परागचा दोस्त, मुर्ध्यातलाच. एके काळी त्यांच्या घरची मिठागरं होती, आता तो खिडक्यांच्या ग्रिल बनवायचा. वेल्डिंग त्याच्या हातचं, म्हणून तो मदतीला यायला लागला. तेव्हा अनसूयाबाईंना बरंच वाटलं होतं. परागचं काहीतरी पुरं होतंय, असं वाटलं होतं.

आता गाडी पुरी होत आली होती, आणि त्यांना काही बरं वाटत नव्हतं. सुरुचीचा फोन वाजला की ती अंगणात जायची. रंग कुठला द्यायचा ते दोघांनी ठरवून टाकलं होतं, यांना विचारलंसुद्धा नव्हतं. परागला लाल हवा होता. गाडी झाली हिरवी. सीटा आल्या तेव्हा योगेंद्र म्हणाला, “आधी तुझ्या बाजूची बसवू.” त्या सीटांकडे अनसूयाबाई बराच वेळ बघत राहिल्या. मागे पिशवी ठेवायलासुद्धा धड जागा नव्हती.

मग एकदा त्या चहा घेऊन पडवीकडे येत होत्या, तेव्हा आतलं बोलणं कानावर पडलं.

“एकदा चालू झाली की जाऊ या,” योगेंद्र म्हणत होता.

“आईंना काय सांगायचं?”

“तेच तर.”

अनसूयाबाई चहा घेऊन तशाच मागे फिरल्या. थोड्या वेळानं चपला वाजवत पुन्हा आल्या. दोघंही कार्बोरेटरविषयी बोलत होती.

त्या आठवड्यात एका दुपारी सुरुची ऑफिसला गेलेली असताना अनसूयाबाई पडवीत शिरल्या. गाडीचं बॉनेट उघडंच होतं. महिनोन्‌महिने दारात बसून त्यांनी सगळं पाहिलं होतं, ऐकलं होतं. योगेंद्र सुरुचीला शिकवताना एकदा म्हणाला होता, की इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाखालचा एवढासा रोटर काढून घेतला तर गाडी जागची हलत नाही. पूर्वी लोक चोराच्या भीतीनं तो खिशात घालून जायचे. झाकणाच्या दोन्ही बाजूंच्या क्लिपा त्यांनी बोटांनी सोडवल्या. रोटर सहज निघाला. तपकिरी, सुपारीएवढा. तो त्यांनी हिंगाच्या रिकाम्या डबीत टाकला आणि डबी फडताळात मागे सारली. त्यांना वाईट वाटत नव्हतं.

रविवारी गाडी सुरू होईना. योगेंद्रनं झाकण उघडलं आणि बघतच राहिला.

“रोटर नाही. कुणीतरी काढून नेलाय.”

“उंदीर?” सुरुचीनं विचारलं.

“उंदीर काढून झाकण परत लावेल? कळणारं माणूस आहे कुणीतरी. पडवीची चावी कुणाकडे असते?”

घराची आणि पडवीची चावी शेजारच्या शालनकडे असायची. घरी कुणी नसलं की पाणी सोडायला ती कधीमधी यायची, आणि तिचा नवरा काळूराम होडीच्या इंजिनांची कामं करायचा. दोघांची नजर कुंपणापलीकडे गेली. अनसूयाबाईंकडे कुणीच पाहिलं नाही. “आईंना तरी काय माहीत असणार,” सुरुची म्हणाली, आणि ते त्यांना चांगलंच लागलं.

नवीन रोटर मागवला, तो यायला वेळ होता. दरम्यान सुरुचीनं पडवीला दुसरं कुलूप लावलं. शालन दिसली की ती मोबाइलमध्ये बघायची. अनसूयाबाई हे सगळं पाहत होत्या. रोज ठरवायच्या, आज बोलू. आणि रोज योगेंद्रच्या बाइकचा आवाज आला की गप्प बसायच्या.

शेवटी शालनच आली, घराची चावी घेऊन. सुरुची ऑफिसला निघायच्या गडबडीत होती. शालननं चावी टेबलावर ठेवली.

“ही ठेव तुझी. पराग व्हता तवापासून माझ्याकडं हाय. आता नको. माझ्या घरात चोर न्हाय कोन.”

“शालनताई, मी तसं म्हटलं का कधी?”

“म्हनायला कशाला लागतं? कुलूप बदललंस न्हवं.”

अनसूयाबाई उठल्या, आत गेल्या, आणि हिंगाची डबी आणून चावीशेजारी उघडली.

शालननं डबीत पाहिलं, मग अनसूयाबाईंच्या तोंडाकडे पाहिलं, आणि ती सरळ निघून गेली.

सुरुची खुर्चीवर बसली. “का, आई?”

“जाणार होतात ना तुम्ही दोघं. मला न सांगता.”

“वसईला त्याच्या बहिणीकडे जाणार होतो. त्यानं लग्नाचं विचारलंय मला.” ती डबीकडेच बघत होती. “मी अजून हो म्हटलेलं नाही. नाहीच म्हणणार होते. तुमच्यासाठी.”

अनसूयाबाईंना हे ऐकून सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उलट राग आला.

“माझं नाव पुढे करू नकोस. नको असेल तर नको म्हण. हवा असेल तर मला मध्ये घालू नकोस.”

“आणि तुम्ही?”

“माझं मला बघू दे.” मग त्या म्हणाल्या, “योगेंद्रला रविवारी जेवायला थांबव. माणसं चोरून बोलायला लागली, की त्यांच्याबद्दल वाईटच मनात येतं.”

सुरुचीला ऑफिसला उशीर झाला. जाताना ती शालनच्या दाराशी थांबली, पण दार उघडलं नाही.

अनसूयाबाईंसाठीही ते लवकर उघडलं नाही. त्या रोज जाऊन ओट्यावर बसायच्या. शालन आतून भांड्यांचा आवाज करायची. एके सकाळी ती सूप घेऊन बाहेर आली, जवळ्याची सुकी मासळी निवडायला बसली आणि अर्धा ढीग यांच्याकडे सरकवला.

गाडी सुरू झाली त्या दिवशी गल्लीतली पोरं गोळा झाली. सुरुची “आधी तुम्ही बसा” म्हणाली, पण अनसूयाबाईंनी नकारार्थी मान हलवली. हिरवी गाडी सुरुची आणि योगेंद्रला घेऊन उत्तनच्या रस्त्याला लागली आणि त्या शालनच्या ओट्यावर येऊन बसल्या.

“कुठं गेली?” शालननं विचारलं.

“उत्तनला. समुद्रापर्यंत.”

“येतील न्हवं परत?”

“येतो म्हणालेत जेवायला.”

शालननं सूप पुढे केलं. अनसूयाबाईंनी त्यातला कचरा वेचायला घेतला, पण गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत त्यांचे कान तिकडेच होते.