यंत्राने न मोजलेला पाऊस

विम्याची मुदत संपायला दोन दिवस उरले तेव्हा मी मालगुंडच्या सेवा केंद्रात जाऊन बसले. माझ्या मुलाने, शुभंकरने, मुंबईहून बजावलं होतं, "आई, या वर्षी आंब्याच्या बागेने हात दिला तर नोकरी सोडून कायमचा येतो. पण विमा काढ. नुसत्या मोहोराच्या भरवशावर बायको-पोर घेऊन येणार नाही." नात अंगणात बागडताना बघायची होती, म्हणून गेले. नाहीतर असल्या कागदांच्या वाटेला कोण जातंय मरायला!

केंद्रातली नम्रता गुणी पोर. सातबारा, आधार, बँकेचं पुस्तक, कलमांचे फोटो, सगळं तिने जमवलं. मी म्हटलं, "बाय, हप्ता घेतेस तो कशाकशाचा, ते नीट सांग."

"अवेळी पाऊस, कडक ऊन, थंडी, वारा. आणि कलम फळतं हवं. तुमची नवी लावलेली यात नाहीत."

"माकडं?"

"नाही हो काकी."

"तुडतुडे?"

"तेही नाही."

"मग माझी बाग खातं कोण, जावई?"

ती हसली. मग म्हणाली, "आणि काकी, बाग बघायला कुणी येत नाही हां. आपल्या भागाचं हवामान यंत्र आहे, त्यात नोंद झाली तरच भरपाई."

मी हो हो केलं. हेक्टरामागे ठरलेला हप्ता भरला आणि पावती देवापुढे ठेवली. शुभंकरने तिकडे नातीच्या शाळेचा दाखला काढायची चौकशीसुद्धा सुरू केली.

मार्चात कैरी सुपारीएवढी झाली होती. एका दुपारी आमच्या सड्यावर, त्या उघड्या कातळमाळावर, असा पाऊस कोसळला की मागच्या पडवीतली चूल विझली. चार दिवसांनी कैऱ्यांवर काळे डाग आले, आठवड्यात झाडांखाली खच पडला. आमचा राखणदार भागोजी पाटी घेऊन उभा राहिला नि म्हणाला, "वयनी, ह्यातलं येचू तरी काय?" मला रडूच आलं.

तशीच नम्रताकडे गेले. तिने संगणकात बघितलं, परत बघितलं.

"काकी, त्या दिवशी पाऊस शून्य आहे."

"शून्य? अगो, माझी चूल विझली!"

"यंत्र डोंगरापलीकडे आहे. तिथे ऊन होतं."

मी फोटो दाखवले. तिने कंपनीला फोन लावून दिला. पलीकडचा माणूस गोड आवाजात तीनदा म्हणाला, यंत्राची नोंद अंतिम. भांडायला समोर कुणी नव्हतंच. भांडणार कुणाशी, यंत्राशी?

"ते मेलं यंत्र तिकडे नेलं कुणी?" मी ओरडले.

"आधी तुमच्याच वाडीत जागा बघितली होती म्हणे," नम्रता हळूच म्हणाली. "पण मालकांनी दिली नाही."

मी तिथून उठले. मालक कसला, मीच ती! चार वर्षांपूर्वी दोघेजण टेप घेऊन आले होते. यंत्रासाठी सड्यावर एका खोलीएवढी उघडी जागा हवी होती. आमच्या सातबाऱ्यावर नऊ नावं, सात मुंबईत. एकाची सही मागितली असती तर सगळे उठले असते, वहिनीने जमीन सरकारच्या घशात घातली म्हणून. आणि सरकारी खांब एकदा रोवला की निघतो होय? मी दोघांना कोकम सरबत पाजलं, "घरातले पुरुष मुंबईला असतात" म्हणाले आणि वाटेला लावलं. आपण कसे हुशार म्हणून त्या रात्री मला छान झोप लागली होती.

संध्याकाळी शुभंकरचा फोन आला. मी सगळं सांगितलं, जागा नाकारणारी मीच होते एवढं सोडून. मागून नात विचारत होती, "बाबा, आजीकडच्या शाळेत मी कधी जायचं?"

"पुढच्या वर्षी बघू गो," तो तिला म्हणाला. मग मला म्हणाला, "आई, तू जीवाला लावून घेऊ नकोस. तुझी काय चूक? ज्याने जागा दिली नाही ना, त्याला धरायला पाहिजे. कोण होता तो?"

"नाव नाही कळलं रे," मी म्हटलं.