लाइन डेड आहे

"डेड," तो फोनवर म्हणाला.

"मग चढा," सुईत दोरा ओवता ओवता ती म्हणाली आणि फोन मशीनवर ठेवून दिला.

नवरा-बायकोचं हे रोजचं बोलणं. तो वायरमन. खांबावर चढण्याआधी त्याने घरी फोन करायचा आणि खाली उतरला की मिस्ड कॉल द्यायचा, ही अट तिची. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्याचा एक सोबती तारेला चिकटून गेला, तेव्हापासून तिने धसका घेतला होता. तारेतला करंट बंद केला की वायरमन म्हणतात, लाइन डेड झाली. तो शब्द कानावर पडला की तिचे खांदे सैल पडत आणि मशीनचं चाक पुन्हा फिरू लागे.

सासूबाईंना मात्र तो शब्द अजिबात खपत नसे. "काय ते घरात सारखं अभद्र बोलणं! मेलं, मेलं!"

"अगं आई, तार मेली. तुझा मुलगा चांगला ठणठणीत आहे. जेवायला काय आहे ते बघ."

मुलगी शाळेत इंग्रजी शिकत होती आणि घरातल्या सगळ्यांना शिकवत होती. मागच्याच आठवड्यात तो बूट घालत असताना ती पुस्तक घेऊन समोर बसली.

"बाबा, डेड म्हणजे मृत. पण डेड टायर्ड म्हणजे खूप दमलेला. डेड स्लो म्हणजे अगदी हळू. आणि डेड एंड म्हणजे जिथे रस्ताच संपतो."

"ते सगळं पुस्तकातलं," तो म्हणाला. "आता आमच्यातलं ऐक. डेड म्हणजे सुखरूप."

"असं लिहिलं तर बाई भोपळा देतील."

"देऊ दे. बाईंना एकदा खांबावर चढव, मग त्या पण हेच शिकवतील."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. बाकीचे तिघे हसले.

आज मुलीला सुट्टी होती. आदल्या दिवशीच्या वाऱ्याने ठिकठिकाणी झाडं तारांवर पडली होती, त्यामुळे तो चहा अर्धा टाकूनच पळाला होता. त्याचा फोन आला, ती "मग चढा" म्हणाली आणि शर्टाची बाही जोडायला बसली. एक बाही झाली, दुसरी झाली. मिस्ड कॉल आला नाही. तिने शर्ट उलगडून पाहिला, तर दुसरी बाही उलटी लागली होती. असं तिच्या हातून कधी होत नसे. तिने फोन लावला. नुसती रिंग वाजत राहिली.

मग फोन आला तो त्याच्या कामावरच्या जोडीदाराचा. "वहिनी, दवाखान्यात या. लगेच या."

"पडले का?"

"तुम्ही या आधी."

दवाखान्याच्या बाकावर जोडीदार हात मांडीखाली दाबून बसला होता. तिने विचारलं तसं त्याने सांगितलं, तुटक तुटक.

सबस्टेशनवरचा नेहमीचा ऑपरेटर आजारी होता. त्याच्या खुर्चीवर तक्रारी घेणाऱ्या खिडकीतला एक जण आणून बसवला होता. बिचारा सकाळपासून लोकांच्या शिव्या खात होता. आमच्याकडे अंधार, आमची लाइन डेड. वायरमनने फोन करून विचारलं, "लाइन डेड आहे ना?" त्यावर तो म्हणाला, "हो हो, डेडच आहे, सकाळपासून!" त्याला म्हणायचं होतं की लोकांकडे वीज नाही. ती नव्हतीच, कारण तीन तारांपैकी एकीचा फ्यूज उडाला होता. उरलेल्या दोन तारा जिवंत होत्या. त्या कोणी बंद केल्याच नव्हत्या.

"आणि तुमचा तो दांडा?" तिने विचारलं. तारांना हात लावण्याआधी दांड्याने साखळी टाकून त्या जमिनीला जोडायच्या असतात, हे तिला इतक्या वर्षांत पाठ झालं होतं.

"दांडा दुसऱ्या गँगकडे होता, वहिनी. एकच आहे ना आपल्याकडे. मी म्हटलं, थांबू या. पण वरून फोनवर फोन, लोक दारात जमलेले. तो म्हणाला, डेड आहे म्हणालाय ना तो, मग झालं."

अशा वेळी कोणाच्या नावाने बोटं मोडायची? खुर्चीवरच्या त्या माणसाच्या, की एवढ्या मोठ्या खात्यात दुसरा दांडा न घेणाऱ्यांच्या? मुलगी तिला चिकटून उभी होती. दोघींचे डोळे समोरच्या दाराकडे होते. आत तो होता, आणि आतून अजून कोणी काही बोललं नव्हतं. बोलले नाहीत म्हणजे इलाज चालू असेल, एवढाच तिचा आधार.

दार उघडलं. डॉक्टर बाहेर आले ते मागच्या नर्सशी बोलतच. या दोघी कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"सिस्टर, ब्रॉट डेड लिहा."

पहिला शब्द तिला कळला नाही. दुसरा कळला. तिचे खांदे सैल पडले. आणि इतकी वर्षं रोज तोंडात येणारे शब्द आत्ताही तोंडात आले.

"डेड म्हणाले ना गं?" ती मुलीकडे वळून म्हणाली. "मग..."

जोडीदाराने तोंड भिंतीकडे फिरवलं. मुलीने आईचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"आई," ती म्हणाली, "हे पुस्तकातलं."