गुडघ्याखाली चार बोटं

चर्चमध्ये मेंढपाळबाबाच्या बाकावर दुसरं कोणी बसत नसे. बाक सहा माणसांचा, पण म्हाताऱ्याच्या अंगाचा लोकरीचा नि लेंड्यांचा वास साबणानं जाईल तर शपथ. मंडळी भली होती, तोंडावर कोणी बोलत नसे. हसायचे, मान डोलवायचे आणि रुमाल नाकाला लावून पुढच्या रांगेत जाऊन बसायचे. म्हाताऱ्याला त्याचं काही वाटत नाही, असं सगळे आपले धरून चालले होते. वाटत होतं हो, चांगलंच वाटत होतं! चाळीस वर्षं वाटत होतं.

त्यात नव्या पाळकसाहेबांनी मेंढरांवर बोलायला घेतलं. महिनाभर दर रविवारी मेंढरू. हरवलेलं मेंढरू, आंधळं मेंढरू, काटेरी झुडपात अडकलेलं मेंढरू. या गृहस्थाचा उभ्या जन्मात मेंढराशी संबंध आला असेल तर तो स्वेटरपुरता. पण जिभेवर साखर! माणसं डोळे पुसत घरी जायची, आणि म्हातारा शेवटच्या बाकावर बसून मनातल्या मनात दुरुस्त्या करत राहायचा.

म्हाताऱ्याला एकच लेक. बायको लवकर गेली, तेव्हा पोर मेंढरांच्या वाड्यातच, कोकरांबरोबर वाढली. तिला त्यानं सुताराला दिली होती. चर्चमधले सगळे बाक या जावयाच्याच हातचे. नीटनेटका माणूस, कानामागे चपटी लाल पेन्सिल, आणि तिसऱ्या रांगेत बसून संदेशातला शब्द न् शब्द छोट्या वहीत उतरवून घ्यायचा. बायका आपापल्या नवऱ्यांना सांगायच्या, बघा, असं ऐकावं! घरी हाच माणूस बायकोला मारायचा. रागानं नव्हे, चूक सांगून, आधी प्रार्थना करून मारायचा.

दोन महिन्यांत लेक तिसऱ्यांदा बापाच्या दारात आली होती. पहिल्या दोन्ही वेळा म्हाताऱ्यानं तिला समजावून परत पाठवलं. संसार म्हटला की भांड्याला भांडं लागायचंच, वगैरे जे सगळे बाप बोलतात ते तोही बोलला. या वेळी मात्र तिनं पाठीवरचे वळ दाखवले. फूटपट्टीनं आखल्यासारखे सरळ होते ते. एक तारखेपासून तिला इस्पितळाच्या धुलाईघरात काम मिळणार होतं, राहायला खोलीही. तोवरचे अकरा दिवस फक्त ठेवून घ्या, एवढंच तिचं मागणं. म्हाताऱ्यानं शब्द दिला. रविवारी तो निघाला तोच मुळी पाळकसाहेबांना स्पष्ट सांगायला, की पोर आता परत जाणार नाही. लेक मागे राहिली, कारण एक मेंढी विताना अडली होती आणि कोकरू ओढून काढायला लेकीचा हात बारीक होता.

त्या दिवशी पाळकसाहेबांनी नवीनच गोष्ट काढली. एक कोकरू सारखं कळप सोडून पळायचं. मग मेंढपाळानं काय केलं? प्रेमानं, अगदी प्रेमानं त्याचा पाय मोडला. मग स्वतःच्या हातानं बांधला आणि पाय जुळेपर्यंत त्याला खांद्यावर घेऊन हिंडला. पाय बरा झाला, पण कोकरू पुन्हा कधी धन्याला सोडून गेलं नाही. आपल्या आयुष्यातल्या दुःखाचा अर्थ हाच, असं ते म्हणाले, आणि सगळ्या सभेतून एक उसासा निघाला.

म्हातारा मागे बसून चक्रावला. चाळीस वर्षांत असला गाढवपणा त्यानं ना केला होता, ना ऐकला होता.

आणि तेवढ्यात पाळकसाहेबांनी हात लांब केला. "आपल्यात तर खरेखुरे मेंढपाळ बसलेत. बाबा, पुढे या. सांगा मंडळींना, करतात ना असं?"

दोनशे माना वळल्या. बाबा उठला. दोन्हीकडची माणसं आदरानं पाय आवरून वाट देत होती, आणि एकाच्याही नाकाला रुमाल नव्हता. व्यासपीठावर पाळकसाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आता इतक्या लोकांत, इतक्या गोड माणसाला खोटं कसं पाडायचं? हरभऱ्याच्या झाडावर चढवलेला माणूस खाली बघत नाही.

"हो," म्हातारा म्हणाला. "करतात."

लोकांनी आमेन म्हटलं. तिथं थांबला असता तरी चाललं असतं. पण उचलली जीभ, लावली टाळ्याला! कुठं मोडतात बाबा, असं पाळकसाहेबांनी कौतुकानं विचारलं आणि या शहाण्यानं हातानं जागासुद्धा दाखवली.

"मागचा पाय. गुडघ्याखाली चार बोटं. तिथं लवकर जुळतो."

तिसऱ्या रांगेत जावयानं पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं, पुढे झुकला आणि लिहून घेतलं.

चहाच्या वेळी लोक म्हाताऱ्याचा हात हातात घेत होते. एक जण म्हणाला, बाबा, पुढच्या रविवारी आमच्या बाकावर बसा. शब्द दिलेला, सांगायचं ठरवलेलं, सगळं त्या एका कप चहात बुडालं. पाळकसाहेबांनीच विषय काढला. जावई बिचारा जेवत नाही, त्याला पश्चात्ताप झालाय, दुपारी आपण तिघंही मिळून तिला आणायला जाऊ. मघाशी दोनशे लोकांसमोर हो म्हणालेला माणूस आता नाही कुठून म्हणणार?

पावलं ऐकून लेक चाऱ्याच्या माळ्यावर चढली आणि शिडी वर ओढून घेतली. पाळकसाहेबांनी शास्त्रातलं सांगितलं, ती आली नाही. नवरा रडला, ती आली नाही. मग दोघांनी म्हाताऱ्याकडे बघितलं. त्यानं जीभ टाळूला लावून दोनदा टॉक टॉक केलं आणि लहानपणी हाक मारायचा तशी हाक मारली, "चल गं, चल माझी बाय." मग शिडी खाली आली. उतरल्यावर तिनं बापाकडे नजरही टाकली नाही. सकाळी अडलेली मेंढी वाचली, कोकरू मेलं, एवढंच सांगून ती नवऱ्याच्या मागून गेली.

सहाव्या दिवशी निरोप आला की तीन दिवसांपूर्वी ती शिडीवरून पडली. इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी काळा फोटो उजेडासमोर धरून दाखवला. दोन्ही हाडं, एकाच रेषेत. पडून असं मोडत नाही, असं त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या. म्हाताऱ्यानं फोटोवर बोटं टेकवली. गुडघ्यापासून बरोबर चार भरली.

लेक कॉटवर होती. जावई बाहेर चर्चच्या मंडळींशी हळू आवाजात बोलत होता.

"त्यानं आधी वही वाचून दाखवली, बाबा," ती म्हणाली. "खाली तुमचं नाव लिहिलं होतं. मग लाकडी हातोडा घेतला. मी म्हटलं, माझा बाप असं बोलणार नाही."

म्हाताऱ्यानं तिच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. शेळी जाते जिवानिशी आणि खाणारा म्हणतो वातड. इथं तर बाहेर बसलेल्या बायका म्हणत होत्या, नशीबवान आहे पोर, नवरा तीन रात्री उशाशी बसून आहे. धुलाईघरातली जागा दुसरीला दिली गेली होती. तीन महिने पाय टेकायचा नव्हता, आणि ते तीन महिने तिला सुताराच्याच घरी काढायचे होते. चर्चच्या वडील मंडळींनी तसं ठरवूनही टाकलं होतं. म्हातारा रात्रभर वाड्यात येरझाऱ्या घालत राहिला. रविवारी सगळ्यांसमोर बोलायचं, पोरीला तिथूनच घरी आणायचं, मग बाक गेला खड्ड्यात, असं त्यानं पक्कं केलं.

रविवारी जावई तिला खांद्यावर घेऊन चर्चमध्ये आला. पांढरा पाय पुढे लोंबत होता. माणसं उभी राहिली, बायका हुंदके देऊ लागल्या. पाळकसाहेबांनी दोन्ही हात पसरले. आपला संदेश असा चालत येताना किती जणांना दिसतो? जावयानं तिला तिसऱ्या रांगेत अलगद ठेवलं, पायाखाली उशी सारली. मग पाळकसाहेबांनी म्हाताऱ्याला पुन्हा पुढे बोलावलं.

म्हातारा वर गेला.

"मी खोटं बोललो," तो म्हणाला. "कोणी मेंढपाळ पाय मोडत नाही. मी कधी मोडला नाही."

सभेत कुजबुज झाली. पाळकसाहेब क्षणभर गडबडले, मग हसले. केवढी ही नम्रता, असं ते सभेला म्हणाले आणि प्रेमानं त्याच्याकडे वळले. "बरं, पाय मोडत नाही. पण समजा मोडलाच, तर त्या कोकराला तुम्ही टाकून थोडंच देता? काय करता, बाबा?"

जावयाचं नाव त्याच्या अगदी ओठावर होतं. पण आधी मेंढरांचं नीट सांगावं, मग त्याचं काढावं, असं त्याला वाटलं. जन्मभर मागे बसून केलेल्या दुरुस्त्या होत्या त्या, आज मोठ्यानं करायला मिळत होत्या.

"कापतो," म्हातारा म्हणाला. "मोडकं जनावर कळपाबरोबर चालत नाही. त्याचे हाल बघवत नाहीत. संध्याकाळच्या आत कापतो."

एवढं बोलून तो पुढचं बोलायला वळला, तेव्हा लेक त्याच्याकडे बघत नव्हती. ती शेजारी बघत होती. जावयानं कानामागची पेन्सिल काढली, टोक जिभेला लावलं आणि वहीवर झुकून लिहायला सुरुवात केली.