दोन मुठी लवंग

तोंडातल्या तोंडात घोकत मच्छिंद्र आतल्या खोलीतून निघाला, तो थेट अंगणातल्या चुलीपाशी येऊन थांबला. वाटेत मांजर पायात आलं, पण त्यानं खाली बघितलं नाही. बघितलं असतं तर निरोप सांडला असता.

“धनं तांबूस झालं की उतरायचं, काळं करायचं न्हाई. मग दगडफूल तीन मुठी. आच मंद.” एवढं एका दमात बोलून तो मोकळा झाला.

त्याच्या बायकोनं, सुलक्षणानं, कढईतलं उलथणं थांबवलं नाही. “पुढं?”

“पुढचं पुढं सांगती म्हणली.”

“आख्खं एकदाच सांगायला काय हुतंय?”

हा सवाल आत न्यायचा नव्हता. कुठला शब्द पोचवायचा आणि कुठला गिळायचा, हे मच्छिंद्रला वर्षभराच्या सरावानं कळू लागलं होतं. शिवाय उत्तर त्याला ठाऊक होतं. आख्खी कृती एकदा उंबऱ्याबाहेर गेली की खाटेवरच्या म्हातारीला विचारतंय कोण, असं आई त्याला हळूच म्हणाली होती.

त्याच्या आईच्या, तुळजाबाईच्या, काळ्या मसाल्याचं न्हावरे गावात नाव होतं. यात्रेला तिच्या घरचा रस्सा ओरपायला आलेली माणसं दुसऱ्या दिवशी भाकरी मोडायला पुन्हा यायची. गेल्या साली गोठ्यात पाय घसरून तिचा खुबा मोडला आणि पहिल्यांदाच मसाल्याची कढई सुनेच्या हातात गेली. दुखण्यानं आवाज खोल गेलेल्या म्हातारीनं आतून सांगितलं, मच्छिंद्रनं बाहेर पोचवलं, सुलक्षणानं तसंच केलं. यात्रेला दौंडहून धाकटा भाऊ रविराज बायकोपोरांसह आला. पहिल्याच घोटाला त्याच्या बायकोनं वाटी खाली ठेवली आणि फार गोड आवाजात विचारलं, “ताई, रश्शात दातदुखीचं औषध सांडलं का वो?”

त्या दिवसापासून सासू-सून एकमेकींशी बोलत नव्हत्या. सासूचं म्हणणं, मी सांगितलं ते हिनं केलं नाही. सुनेचं म्हणणं, सांगितलं तेच मी केलं. दोघींचं एकमत एवढ्याच गोष्टीवर होतं की मधल्यानं वाटेत काहीतरी घोळ घातला. आता पुन्हा चैत्र आला होता, यात्रा तोंडावर होती, आणि तुळजाबाईनं दोन लुगड्यांचं गाठोडं बांधून खाटेखाली ठेवलं होतं. यंदाचा मसाला बिघडला तर ती कायमची दौंडला जाणार होती. रविराजचं घर तळमजल्यावर होतं, संडास घरात होता, आणि धाकटी सून तोंडावर तरी गोड बोलत होती. मच्छिंद्रच्या बाजूनं सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. नांगराला, ट्रॅक्टरला, सोसायटीच्या निवडणुकीला न डगमगलेला हा गडी त्या गाठोड्याकडं बघायला मात्र भीत होता.

शेवग्याखालच्या बाजेवर त्याची लेक तेजश्री नीटच्या परीक्षेचा अभ्यास करत होती. आईनं हाक मारली की उठायची, कोठीतून सांगितलेला डबा आणून द्यायची आणि पुन्हा पुस्तकात तोंड घालायची. पुढच्या निरोपाला वेळ होता म्हणून मच्छिंद्र बाजेच्या कडेला टेकला आणि काय चाललंय म्हणून विचारलं. पेशी प्रथिनं कशी बनवते ते चाललं होतं. तेजश्रीला मोठ्यानं सांगितल्याशिवाय पाठ होत नसे, तेव्हा तिनं बापालाच समोर धरलं.

“डीएनए केंद्रकात ऱ्हातो, पप्पा. त्याच्यात सगळ्या प्रथिनांची कृती असती. पण तो सवता बाहेर येत न्हाई.”

“खुबा मोडलाय का त्याचा?”

तेजश्री हसली नाही. ती म्हणाली की लागेल तेवढ्याच तुकड्याची नक्कल करतात. ती नक्कल केंद्रकाच्या बाहेर रायबोसोमकडं, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या कारागिराकडं, जाते, म्हणून तिला संदेशवाहक म्हणतात. रायबोसोम ती नक्कल तीन-तीन अक्षरं धरून वाचतो. तीन अक्षरं म्हणजे एक जिन्नस, त्याचं नाव अमिनो आम्ल. तो जिन्नस आणून देणारे निराळे असतात. एकाला एक जोडत माळ ओवली जाते, थांबायची खूण आली की माळ सुटते आणि घडी घालून आपापला आकार घेते. झालं प्रथिन. स्नायू त्याचेच, केस त्याचेच, नखं त्याचीच.

मच्छिंद्रनं आतल्या खोलीकडं बघितलं, मग चुलीकडं.

“जिन्नस आणणारी तू,” तो म्हणाला. “मग रायबोसोम म्हंजी...”

तेजश्रीनं हनुवटीनं आईकडं खूण केली. “जे आलंय ते वाचायचं आन् बनवायचं. सवताचं डोकं चालवायचं न्हाई.”

सुलक्षणानं उलथणं कढईच्या काठावर असं आपटलं की शेवग्यावरचा कावळा उडाला.

“आन् त्या संदेशवाहकाचं पुढं काय हुतं?” मच्छिंद्रनं आवाज उतरवून विचारलं.

“काम झालं की त्याला मोडून टाकत्यात.”

“कोण?”

“घरचीच.”

मग त्यानं मुद्द्याचं विचारलं, की नकलेत चूक झाली तर? तेजश्रीनं पान उलटलं. डीएनएची नक्कल होताना पेशी मागं वळून तपासते, चुकलेलं अक्षर काढून बरोबर घालते. संदेशवाहकाच्या बाबतीत तेवढी कडक तपासणी नसते, कारण तो काय, थोड्या वेळाचा पाहुणा.

हे मात्र मच्छिंद्रच्या मनात रुतलं. गेल्या साली मागं वळून तपासलं कुणी? कुणीच नाही.

आतून खोकण्याचा आवाज आला. तो उठला, आत गेला, कान देऊन ऐकलं, उंबऱ्यावर थांबून पुन्हा एकदा ऐकलं आणि बाहेर आला. “लवंग दोन मुठी.”

सुलक्षणानं तेजश्रीनं आणलेल्या डब्यात हात घातला आणि दोन मुठी लवंग ताटलीत टाकली. ती कढईत जाणार तेवढ्यात मच्छिंद्रनं ताटली उचलली.

“आता ही कुठं?”

“तपासून आणतो,” तो म्हणाला आणि बायकोचं तोंड उघडायच्या आत घरात शिरला.

तुळजाबाईनं ताटलीकडं बघितलं, मग लेकाकडं. “हे काय?”

“दोन मुठी लवंग.”

“कुणाच्या मुठी?”

मच्छिंद्रनं ताटलीतल्या ढिगाकडं बघितलं. सुलक्षणा मांडवगण फराट्याच्या पैलवानाची लेक. लग्नात तिच्या हातात बसणाऱ्या बांगड्या मिळाल्या नव्हत्या म्हणून कासारीण दोनदा आली होती. तिच्या मुठीत पाखरू सोडलं तर त्याला ऐसपैस बसता आलं असतं.

“तिच्याच,” तो म्हणाला.

“मी माझ्या म्हणली हुती.”

“आये, तू नुसतं मुठी म्हणलीस. औंदाबी आन् मागल्या सालीबी.”

“मग मूठ म्हंजी कुणाची असती? माझ्या सासूनं मूठ म्हणलं की मी तिचीच धरायची. दोन महिने तिच्या हाताकडं बघत बसले तवा कढईला हात लावला.”

दातदुखीचं औषध कुठून आलं, ते दोघांनाही एकदमच कळलं. निरोप बरोबर होता, पोचवणारा बरोबर होता, करणारी बरोबर होती. मच्छिंद्रला हसावं की रडावं कळेना. आणि जिच्या हातामुळं वर्षभर घर मुकं झालं, तिनं तर एक लवंगही इकडची तिकडं केली नव्हती.

तुळजाबाईनं उजवा हात ताटलीत घातला. बोटं लवंगेवर टेकली, पण मिटेनात. संधिवातानं सांधे गाठीसारखे झाले होते. तिनं पुन्हा प्रयत्न केला. लवंगा बोटांच्या फटींतून घरंगळून गोधडीवर सांडल्या. ती हाताकडं बघत राहिली, जणू तो शेजाऱ्याचा होता आणि उसना मागितला तर त्यानं नाही म्हटलं.

मच्छिंद्रनं घाईनं आपली मूठ भरून दाखवली. म्हातारीनं मान हलवली. ती मूठ त्याच्या बापाची होती. त्या मापानं मसाला केला असता तर गुरांनीही तोंड फिरवलं असतं.

“तेजे,” त्यानं हाक मारली, “जरा लवंगा गोळा कर.”

तेजश्री पुस्तकात बोट घालून आली, पुस्तक काखेत धरलं आणि गोधडीवर वाकली. वेचलेल्या लवंगा तिनं मुठीत धरल्या. मूठ लहान, गच्च, आणि करंगळी बाकीच्या बोटांना न चिकटता बाहेर वाकलेली. ही वाकडी करंगळी तुळजाबाईनं तिच्या बारशालाच हेरली होती आणि तेव्हापासून तिला सुनेच्या माहेरची, मांडवगणची करंगळी म्हणत आली होती. आमच्यात असलं काही नसतं, हे वर.

तिनं नातीचं मनगट पकडलं. मूठ आपल्या डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली. आपला हात तिच्या शेजारी ठेवला. गाठी सोडल्या तर दोन्ही करंगळ्या एकाच बाजूला, एकसारख्या वाकल्या होत्या. गाठींमुळं ते इतकी वर्षं दिसलं नव्हतं, किंवा कुणी बघितलं नव्हतं.

तुळजाबाईनं मनगट सोडलं.

“टाक ताटलीत,” ती म्हणाली. “ताटलीतली पयली समदी काढ. आन् आणीक एक मूठ.”

करंगळीविषयी तिनं त्या दिवशी काही म्हटलं नाही, पुढंही कधी म्हटलं नाही.

तेजश्री ताटली घेऊन बाहेर गेली. जरा वेळानं तेलात लवंग तडतडली आणि वास घरात आला. मच्छिंद्र उंबऱ्यावर एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून पुढच्या निरोपाला तयार उभा राहिला. म्हातारीनं डोळे मिटून वास घेतला. मग त्याच्याकडं न बघता, वर्षात पहिल्यांदाच, थेट अंगणात आवाज टाकला.

“सुलक्षणे, लवंग फुगली की लगीच उतर. आन् दगडफूलबी तेजीच्या मुठीनं फिरून मोज, पुढचंबी तिच्याच हातानं घाल.”

बाहेर उलथणं थांबलं.

“व्हय, आत्याबाई. दालचिनी किती?”

“सांगते की.”

आणि दोघींचं सुरू झालं. मिरी किती, नागकेशर कधी, खोबरं कितपत लाल. एक आतून, एक बाहेरून, मच्छिंद्रच्या डोक्यावरून. तो मध्ये उभा होता आणि त्याला कुणी काही सांगत नव्हतं.

“उभा का ऱ्हायलास?” आई म्हणाली. “त्ये गाठोडं माळ्यावर टाक. खाटंखाली झाडता येत न्हाई.”

त्यानं वाकून गाठोडं ओढलं आणि स्टुलावर चढून दोन्ही हातांनी वर धरलं. गाठीवर त्याची करंगळी होती, काठीसारखी सरळ, बापासारखी. वाकड्या करंगळीला आईपासून लेकीपर्यंत जायला त्याच्याशिवाय दुसरी वाट नव्हती. गाठोडं माळ्यावर सारून तो तसाच स्टुलावर उभा राहिला. वर्षभरात नेलेले सगळे निरोप त्याला शब्द न् शब्द आठवत होते. हा एवढा मात्र आपण कधी उचलला आणि कधी पोचवला, ते काही केल्या आठवेना.