भानावर असल्याचा दाखला

"वय माणसाला जे शहाणपण देतं, ते कोणी हिरावून घेऊ शकत नाही," वकीलसाहेब गंभीरपणे म्हणाले, आणि नानांनी त्यांच्या चष्म्याची काडी तोंडात घातली.

नानांच्या मुलीने ती काढून घेतली, पुसली आणि चष्मा परत केला. वकीलसाहेबांनी तो घातला नाही.

पडून नानांचा खुबा मोडला होता. ऑपरेशन त्यांच्याच पैशांतून व्हायचं होतं, आणि नानांनी हयातभर आपल्या खात्याला दुसऱ्या कोणाचं नाव लागू दिलं नव्हतं. घरचे लोक म्हणजे चोरांची पहिली तुकडी, असं त्यांचं मत. आता उपाय एकच : मुलीच्या नावे मुखत्यारपत्र. त्यासाठी नाना भानावर आहेत, असा डॉक्टरांचा दाखला हवा. नाना भानावर नव्हते. एवढी अडचण सोडली तर सगळं तयार होतं.

म्हणून तिने त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं. नाव, वय, पत्ता, वार. डॉक्टर सोमवारी यायचे ते मंगळवारवर गेले, तेव्हा सकाळी चमच्याने दूध भरवता भरवता वारही बदलून घेतला.

परदेशातला धाकटा भाऊ फोनमधून हजर होता. फोन औषधाच्या बाटलीला टेकवला होता.

"ताई, नानांना जरा उठवून बसव ना. अर्धेच दिसतायत."

"मोडक्या खुब्याने कसं बसायचं ते तू करून दाखव. मग बसवते."

"तू ना, लगेच अंगावर येतेस. अक्रोड देतेस ना त्यांना? मी लेख पाठवला होता."

"आधी दात पाठव."

बेल वाजली. तिने पलंगाखालचं भांडं पायाने आत सारलं आणि दार उघडलं. डॉक्टर घाईत होते. ओळखीपाळखीत न पडता त्यांनी खुर्ची ओढली.

"आजोबा, नाव काय तुमचं?"

नानांनी नाव सांगितलं. वय सांगितलं, पत्ता सांगितला. वार तर विचारायच्या आधीच सांगून टाकला. तिची मूठ हळूहळू सैल झाली.

डॉक्टरांनी पेनाचं टोपण काढलं. "छान. आणि तुमचं सगळं कोण बघतं?"

हा प्रश्न तिने घोकून घेतला नव्हता. त्याचं उत्तर दिवसातून दहादा भांडं घेऊन त्यांच्यासमोर उभं राहत होतं.

"मुलगा," नाना म्हणाले.

"आणि या कोण?"

नानांनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं. "या कामाला येतात. हात चांगला आहे. तोंडाने मात्र फटकळ."

डॉक्टर वळले. "खरं का हो, बाई?"

वकीलसाहेबांना एकाएकी छतावर काहीतरी वाचायला मिळालं. तिने हातातलं फडकं पिळलं. ते कोरडंच होतं. नाही म्हटलं की दाखला गेला. मग कोर्ट, आणि कोर्टाचा निकाल लागेपर्यंत नाना खाटेवर कुजणार. तिने फोनकडे पाहिलं. भाऊ केस सारखे करत होता.

"खरं आहे," ती म्हणाली. "फटकळच आहे मी."

"मी मुलगा, डॉक्टर," फोनमधून आवाज आला. "नमस्कार."

डॉक्टरांनी सही ठोकली. जाताना दारात थांबून ते तिला म्हणाले, "बाई, आठवड्याची सुटी मागून घेत जा. घरच्यांच्या लक्षात राहत नाही."

दार लागलं तसं तिने फडकं भिंतीवर भिरकावलं.

"आटपा आता. घाला माझं नाव कागदावर."

"आता कसं घालणार?" वकीलसाहेब म्हणाले. "बँक खात्री करायला डॉक्टरांना फोन करते. ते सांगतील, मुलगा सगळं बघतो, मुलगी काही दिसली नाही. मुखत्यार मुलालाच करावं लागेल. तसं अवघड काही नाही, त्यांनी फक्त एकदा इथे येऊन सही करायची."

तिने फोन उचलून तोंडासमोर धरला. "ऐकलंस?"

"ऐकलं ना, ताई. बघतो रजेचं. तू काळजी करू नकोस."

नाना तिच्याकडे बघून प्रसन्न हसले. "बाई, चहा टाका."

भावाला रजा मिळाली नाही.